बाविसावं गुणसूत्र

आक्काचं पोट दिसायला लागलं तेव्हा उदगीरला तिच्या सासूनं गल्लीतल्या बायका बोलावून तिला हिरवा चुडा भरला. लग्नाला चार वर्षं झाली होती, त्यामुळे सगळ्यांनाच घाई होती. डॉक्टरला दाखवायचं कुणाला सुचलं नाही. महिना-दीड महिन्यानं तिला ताप यायला लागला, घामानं अंथरूण भिजायला लागलं, तेव्हा कुठं तिला लातूरला आणलं. लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. सरकारी दवाखान्यात खाटांपेक्षा माणसं जास्त, आणि दुष्काळामुळे नळाला पाणी नाही. मोरीचा वास वॉर्डात भरून राहायचा. तिथल्या डॉक्टरनं पोटाला हात लावला आणि सांगितलं, मूल नाही, पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे, डाव्या बरगडीपासून बेंबीपर्यंत. रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी बेसुमार.

"रक्ताचा कॅन्सर," असं म्हणून तो पुढच्या खाटेकडे वळला.

सासू तिथंच उभी होती. तिनं आक्काच्या हातातला हिरवा चुडा एकेक करून उतरवला. "उगं थाट केला. लोक हसतील आता," एवढंच ती बोलली. त्या बांगड्या पदरात बांधल्या आणि आक्काला रेणापूरला, आमच्या घरी पोचवून ती उदगीरला निघून गेली. जाताना ओट्यावर बसलेल्या शेजारणींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "माहेरचंच रगत खराब हाय. आम्हाला फसवलं."

मी तेव्हा लातूरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकत होते. माझ्यासाठी एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. पंधरा दिवसांत त्यांचा निरोप आला की मुलाला आता एवढ्यात लग्न करायचं नाही. आमच्या गावात आक्काला बघायला येणाऱ्या बायका तिच्यापेक्षा माझ्याकडेच जास्त बघायच्या, डोळ्यांखाली काळं दिसतं का, पोट सपाट आहे का. एकीनं तर माझी पापणी ओढून पाहिली. 

नांदेडला आमचे मामा राहायचे. त्यांच्या ओळखीचे एक म्हातारे डॉक्टर होते, मुंबईत शिकून आलेले. आप्पांनी आक्काला तिकडे नेलं, मीही गेले. त्यांनी लातूरचे कागद पाहिले आणि बाजूला ठेवले.

"रक्ताचा कॅन्सर म्हणजे ताप आहे म्हटल्यासारखं झालं," ते म्हणाले. "कुठला ताप? काही कॅन्सर महिन्यात माणूस नेतात, काही वर्षानुवर्षं दमानं घेतात. औषधं वेगळी. मला वाटतंय तसा हा दमानं घेणारा असेल, तर त्याची एक खूण असते. ती मुंबईला बघतात."

कमरेच्या हाडात सुई घालून त्यांनी आतला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, काढून काचेच्या नळीत भरला. आक्का दातांत पदर धरून पडली होती. त्या पेशी जिवंत राहायला हव्या होत्या, उन्हानं तापून चालणार नव्हतं आणि बर्फात गोठूनही. म्हणून मामा ती नळी ओल्या फडक्यात गुंडाळून, मनमाडला गाडी बदलून, मुंबईला स्वतः घेऊन गेले. वाटेत फडकं वाळलं की प्यायच्या तांब्यातलं पाणी त्यावर शिंपडत राहिले, स्वतः तहानेले राहून.

निकाल यायला बरेच दिवस लागले. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून नीट समजावलं. माणसाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. आक्काच्या मगजातल्या पेशींमध्ये बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा मोडून नवव्याला चिकटला होता, आणि नवव्याचा एक बारीक तुकडा बाविसाव्यावर येऊन बसला होता. हीच ती खूण. आजार दमानं घेणारा. गोळ्यांनी पाणथरी उतरेल, काही वर्षं बरी जातील, पण कायमचा जाणार नाही.

आप्पांनी एकच विचारलं, "साहेब, हे आमच्याकडून आलं का?"

"नाही. जन्माला आली तेव्हा तिचं सगळं ठीक होतं. ही मोडतोड नंतर, मगजातल्या एका पेशीत झाली, आणि त्या एकीची पिलावळ वाढली. बाकीच्या अंगात ही खूण नाही. तुमच्यात नाही, हिच्यात नाही," माझ्याकडे बोट करून ते म्हणाले.

आप्पा तिथंच रडले. आजार बरा होणार नाही हे ऐकून नव्हे, रगत खराब नाही हे ऐकून. गावी परतल्यावर पाव्हण्यारावळ्यांत, बाजारात, मठात, जिथं माणूस भेटेल तिथं ते सांगत सुटले. उदगीरला मुद्दाम जाऊन व्याह्यांनाही सांगून आले.

आठ दिवसांनी सासू आणि आक्काचा नवरा आमच्या दारात उभे राहिले. आक्काला न्यायला आले असं वाटून आव्वा, आमची आई, लगबगीनं उठली. टँकरचं पाणी होतं, वास मारणारं, ते दोनदा गाळून तिनं चहा ठेवला. सासूनं एक घोट घेतला आणि बशी लांब सारली. "पाण्याला घाण यायलीय," म्हणाली. मग आप्पांकडे वळली.

"तुम्ही म्हणता रगतात दोष न्हाई. आम्ही मानलं. मग धाकटी द्या आम्हाला."

मी दाराआड उभी होते. मला आधी अर्थच लागला नाही.

"थोरली तर आता काही घर चालवायची न्हाई," ती शांतपणे सांगत होती. "लेकरू व्हायचं न्हाई. धाकटी आली तर बहिणीची सेवाबी करंल. घरातल्या घरात राहील सगळं."

आक्काचा नवरा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. मी आप्पांकडे बघितलं. ते आता उठतील, बाहेर काढतील, असं मला वाटलं. आप्पा खाली बघून म्हणाले, "इचार करून सांगतो."

सासूची मला चीड आली होती, पण त्या एका वाक्यानं जी शिसारी आली ती वेगळी होती. ज्या माणसानं थोड्याच दिवसांपूर्वी डॉक्टरसमोर डोळे पुसले, त्याच्या डोक्यात आता हिशेब चालला होता की मोडलेल्या स्थळापेक्षा हे काय वाईट. आमचं रक्त चांगलं आहे याचा पुरावा त्यांनी गावभर मिरवला होता, आणि त्या पुराव्यावर मला मागायला माणसं आली होती.

आतल्या खोलीतून आक्का भिंत धरत आली आणि उंबऱ्यात उभी राहिली.

"मी अजून हाय की," ती म्हणाली.



"अगं, तुझ्याच भल्याचं बोलायलेय," सासू म्हणाली.

आक्कानं तिच्याकडे पाहिलंच नाही. नवऱ्याला म्हणाली, "तुम्हाला करायचं तर करा दुसरं. मी आडवी येणार न्हाई. पर या घरातली पोर न्हाई. तुम्हाला सोताला काय वाटतं ते एकदा सांगा."

"आईचं म्हणणं हाय," तो पुटपुटला.

"मग जावा."

ते गेले. त्यांच्या कपबशा मी धुतल्या नाहीत, उकिरड्यावर टाकल्या. आव्वानं एरवी आरडाओरडा केला असता, त्या दिवशी नुसती बघत राहिली. आप्पांशी मी कितीतरी दिवस बोलले नाही. त्यांनीही कधी विषय काढला नाही, फक्त उदगीरला नकार कळवला.

गोळ्यांनी आक्काची पाणथरी खरंच उतरली. तिनं रेणापूरच्या बालवाडीत काम धरलं. सुरुवातीला काही आयांनी लेकरं पाठवली नाहीत. आजार लागट असेल, लेकरांना लागेल, असं त्यांना वाटे. आक्का एकेकीच्या घरी गेली, जात्यापाशी, चुलीपाशी बसली आणि डॉक्टरांनी सांगितलेलं आपल्या भाषेत सांगितलं. लेकरं आली. ती तीन वर्षं ती पूर्वीपेक्षा मोकळी होती, हसायचीसुद्धा. नवऱ्यानं दुसरं केल्याचं कळलं तेव्हा म्हणाली, "त्या पोरीला तरी कुणी सांगाया पायजे होतं, ते घर कसं हाय."

चौथ्या वर्षी गोळ्या लागू पडेनात. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. नांदेडच्या डॉक्टरांनी पुन्हा मगज तपासला. त्याच पेशींत आणखी मोडतोड झाली होती आणि दमानं घेणारा आजार आता झपाट्यानं घेणारा झाला होता. उन्हाळा लागताना ती गेली.

आमच्या रिवाजाप्रमाणे तिला बसवून माती दिली. सासू आली होती. सगळ्यांत मोठ्यानं तीच रडली. "माझी लक्ष्मी गेली," म्हणत छाती बडवून घेत होती, आणि चार बायका तिला सावरत होत्या. मातीवर पाणी शिंपडायला तिनं तांब्या उचलला, तेव्हा मी तो तिच्या हातून काढून घेतला आणि बाजूच्या बाईला दिला.

पुढं कितीतरी वर्षांनी त्याच तुटक्या जोडावर नेम धरणारी गोळी निघाली. ती घेऊन माणसं वर्षानुवर्षं संसार करतात. लातूरच्या एका दवाखान्यात परवा मी अशीच एक बाई पाहिली, माझ्या आक्काच्या तेव्हाच्या वयाची. डॉक्टर तिच्या सासऱ्याला सांगत होते की हा आजार गुणसूत्रातला आहे. तो चांगला शिकलेला, इस्त्रीच्या शर्टातला माणूस लगेच म्हणाला, "म्हणजे माहेरचा."

डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.