तिसरा विभाग, तालुक्याप्रमाणे

आमच्या समाजाच्या मंडळाची वधू-वर परिचय पुस्तिका दरवर्षी मीच तयार करतो. मला कोणी नेमलेलं नाही. एका वर्षी "तुले कॉम्प्युटर येते ना" असं म्हणत मंडळाच्या सचिवांनी फॉर्मांचा गठ्ठा माझ्या स्कूटीच्या डिकीत कोंबला, आणि तेव्हापासून धानाची कापणी आटोपली की तो गठ्ठा न चुकता माझ्या घरी येतो. दिवसभर गोंदियाला राईस मिलच्या ऑफिसात बिलं करायची, संध्याकाळी कुडव्याला परत यायचं, आणि हातपाय धुतले की दुसऱ्यांच्या पोरापोरींची उंची, शिक्षण आणि अपेक्षा टाइप करत बसायचं. अपेक्षा : नोकरीवाला. अपेक्षा : सरकारी नोकरीवाला. अपेक्षा : अनुरूप. यातलं 'अनुरूप' मला मनापासून आवडतं, कारण ते लवकर टाइप होतं.

माझा लॅपटॉप जुनाट. त्यावर विंडोज चालेना म्हणून ओळखीच्या एका दुकानदाराने लिनक्स टाकून दिलं, आणि काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून कामं उरकायची मला सवय लागली. पुस्तिका म्हणजे माझ्या लेखी एक साधी टेक्स्ट फाइल. एका माणसाची एक ओळ. नाव, जन्मसाल, शिक्षण, काम, गाव, तालुका, फोन, आणि प्रत्येकाच्या मध्ये एक उभी रेघ. फाइलमध्ये तीन शीर्षकं : वधू, वर आणि पुनर्विवाह. घटस्फोट झालेले, नवरा किंवा बायको वारलेले, असे सगळे या तिसऱ्या विभागात, बाया आणि माणसं एकत्रच.

पहिले दोन विभाग वयाप्रमाणे लावायचे, कमी वयाचे आधी, अशी मंडळाची पद्धत. तिसरा मात्र जसा आहे तसाच ठेवायचा. नवा फॉर्म आला की तो वर चढवायचा, जुने आपोआप खाली सरकतात. हे असं का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. "ते पान पाहाले बसते कोण?" असं उत्तर मिळालं. त्या उत्तरावर वाद घालायचं माझ्या अंगात त्राण नव्हतं. मंडळात वाद घातला की वादासोबत आणखी एक काम गळ्यात पडतं, हे मला पक्कं ठाऊक झालं होतं.

त्या तिसऱ्या विभागात माझी मोठी बहीण आहे. सडक अर्जुनीकडच्या सासरहून ती परत आली, कोर्टाचं सगळं निपटलं, तेव्हा तिचा फॉर्म भरला. मग दरवर्षी तिच्या वर नवी माणसं येत गेली. काहींची लग्नं झाली, ती फाइलमधून गेली. ताई सरकत सरकत अगदी तळाला पोचली. तिच्या ओळीखाली लगेच एका बँडपार्टीची जाहिरात असते. "बँडवाल्याच्या डोक्यावर बसून राहिली मी," असं ती स्वतःच म्हणते आणि हसते. मला हसू येत नाही.

यंदा फॉर्मांचा गठ्ठा आला त्या दिवशी ती ब्लाउज शिवत होती. मशीनवरचा पाय न थांबवता म्हणाली, "हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी माझी ओळ काढून टाकजो."

"काऊन?"

"थकली मी. लोकांले सांगून सांगून थकली." मग थोड्या वेळाने, दोरा तोडता तोडता, "लग्नाची हौस नाही रे मले. पण म्हातारपणी भांडाले तरी घरात कोणी पाहिजे का नाही?"

मी गठ्ठ्याची दोरी सोडत राहिलो. मी तिचा धाकटा भाऊ, भांडायला आहेच की, असं म्हणणार होतो. पण तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं.

तपासणीचं काम आम्ही दोघं मिळून करतो. ती फॉर्म मोठ्याने वाचते, मी पडद्यावर बघतो. रविवारी दुपारी ते संपलं. आता ओळी लावायच्या होत्या. दरवर्षी मी वधूंच्या ओळी कापून वेगळ्या फाइलमध्ये टाकतो, त्या लावतो, वरांचं तसंच करतो, आणि मग सगळं परत जोडतो. कंटाळवाणं काम आहे. त्या दुपारी डोळे मिटत होते, मान धरली होती. मी सरळ अख्ख्या फाइललाच 'सॉर्ट' ही ओळी लावणारी आज्ञा दिली, जन्मसालाप्रमाणे, उलट क्रमाने. प्रिंट काढली आणि न बघता ताईच्या हातात दिली.

ती वाचता वाचता हसायलाच लागली. "अरे, वधू कोणती अन् वर कोणता? सगळ्यांले एकाच पंगतीत बसवलं तू!"

शीर्षकाला जन्मसाल नसतं. सॉर्टला ते कळत नाही, त्याच्यासाठी शीर्षक म्हणजेही एक ओळच. त्यामुळे तिन्ही शीर्षकं तळाशी जाऊन पडली होती, आणि त्यांच्या वर सगळा जिल्हा वयाप्रमाणे एका रांगेत उभा. ताईने बोट फिरवत फिरवत स्वतःला शोधलं. तिच्या वर चिचगडचा एक बिनलग्नाचा, खाली आमगावचे एक विधुर मास्तर. बँडपार्टी कुठल्या कुठे राहिली होती.

मी कपाळावर हात मारला. पण तो कागद बघता बघता माझं डोकं वेगळ्याच दिशेने तापायला लागलं. म्हटलं, काय चुकलं यात? माणूस तो माणूस. वय आहे, गाव आहे, फोन आहे. एकदा मोडलं म्हणून त्याला मागच्या पानावर कशाला बसवायचं? मी ताईला म्हणालो, "असंच छापू. मंडळाशी मी भांडतो. यंदा होऊनच जाऊ दे."

मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिने कागद खाली ठेवला.

"पागल आहेस का? एखाद्या पोराच्या मायनं चुकून मले फोन लावला, का मले पुन्हा पहिल्यापासून सांगा लागते. हो जी, झालं होतं लग्न. नाही जी, सुटलं. काऊन सुटलं? अन् मंग तिकून फोन बंद. मागच्या पानावरून जो फोन लावते, त्याले एवढं तरी माहीत राहते. आम्हाले मिसळू नको."

"मग काय करू?"

"आम्हाले लाव ना. त्यांचं लावते, आमचं कायले नाही लावत?"

"वयाप्रमाणे लावलं तरी तू खालीच येशील, ताई."

"वयानं कायले? दुसऱ्या लग्नात वय कोण पाहते? गाव पाहते माणूस. कोणाची माय अंथरुणाले, कोणाचं लेकरू शाळेत. सालेकशाची बाई सगळं सोडून तिकडे अर्जुनीले कशी जाईन? आमचं तालुक्यानं लाव, मंग गावानं."

ती इतकी वर्षं त्या पानावर होती, आणि त्या पानाचं काय करावं हे तिला कोणी विचारलंच नव्हतं.

मग मी चहा प्यायलो आणि नीट स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, लिहायला बसलो. त्यात जादू काही नाही. 'ऑक' नावाचं एक साधन फाइल ओळीओळीने वाचतं. शीर्षक दिसलं की ते जसंच्या तसं बाहेर टाकायचं, आणि त्याखालच्या ओळी सॉर्टकडे ढकलायच्या. वधू आणि वर असतील तर जन्मसालाने, पुनर्विवाह असेल तर तालुका आणि मग गाव. पहिल्यांदा चालवलं तेव्हा वधू आणि वर पुन्हा एकमेकांत मिसळले. विभाग संपला की सॉर्टचं दार बंद कर, असं ऑकला स्पष्ट सांगावं लागतं. ते न सांगितल्यामुळे त्याने दोघांनाही एकाच दारातून आत घेतलं होतं. ती एक ओळ घातली आणि सगळं जागच्या जागी आलं. शीर्षकं आपापल्या जागेवर, माणसं आपापल्या शीर्षकाखाली. तिसऱ्या विभागात अर्जुनी मोरगाव, आमगाव, मग गोंदिया. ताई विभागाच्या मध्यावर आली होती. बँडपार्टीच्या डोक्यावर आता सालेकशाचे एक गृहस्थ होते, त्यांची मला थोडी दया आली.

छापायला देण्याआधी फाइल मंडळाला दाखवायला पाठवली, आणि सचिवांचा फोन आलाच. "तिसऱ्याले कायले हात लावला?"

"लावायचाच होता."

"लोक म्हणतीन, बहिणीसाठी केलं."

"बहिणीसाठीच केलं," मी म्हणालो. "पण झालं सगळ्यांचं." भांडायची तयारी होती माझी, पण ते "छापून टाक," एवढंच म्हणाले.

पुस्तिका जिथे वाटतात तो परिचय मेळावा विहाराच्या बाजूच्या सभागृहात असतो. ताई येत नाही. तिसऱ्या विभागाला मंचावर बोलावतात ते जेवणानंतर, अर्धे लोक बाहेर हात धूत असतात तेव्हा. त्या वेळी त्या माइकसमोर उभं राहणं तिने एकदा केलं आणि पुन्हा केलं नाही. मी सकाळपासून दारात उभा राहून पुस्तिका वाटत होतो. पाय भरून आले होते. एकच गोष्ट मनात घोळत होती, की हे शेवटचं वर्ष आहे आणि मी फक्त ओळी वरखाली केल्या आहेत.

जेवणं चालू असताना एका म्हातारीने मला हाक मारली. आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडची होती. तिचा मुलगा विधुर, तो लाजून बाहेर गाड्यांजवळ उभा होता. तिला वाचता येत नव्हतं.

"मागचं पान वाच बापू," ती म्हणाली.

मी वाचायला लागलो. अर्जुनी मोरगावच्या पहिल्याच ओळीला तिने हात हलवला. "लय दूर आहे. घरी लहान नातू आहे, त्याले सोडून तिकडे येणं-जाणं नाही जमत. जवळचं वाच. गोंदियाचं वाच."

मी गोंदियावर आलो. एक ओळ वाचली, दुसरी वाचली. मग कुडवा आलं. मी ताईचं नाव वाचलं, जन्मसाल वाचलं, शिवणकाम वाचलं. ही ओळ मीच टाइप केलेली, दरवर्षी तपासलेली. पण एका परक्या बाईला ती मोठ्याने वाचून दाखवताना शिवणकाम हा शब्द मी दोनदा वाचला.

"हिले ओळखते का तू?" म्हातारीने विचारलं.

"हो जी."

"कशी आहे?"

फॉर्मांत जे लिहितात ते सगळं माझ्या तोंडाशी आलं. सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष. ते काही बाहेर पडेना. "रागीट आहे," मी म्हणालो. "पण राग धरून नाही ठेवत. चहात साखर जास्त घालते. खरं बोलते." आणि मग म्हणालो, "माझी बहीण आहे."

बाजूची खुर्ची म्हातारीने पायाने माझ्याकडे सरकवली. "बस. फोन लाव तिले. मी बोलते."

मी बसलो. फोन लावला, स्पीकर चालू केला आणि तिच्या हातात दिला. ताई "हॅलो" म्हणाली. आता म्हातारी 'काऊन सुटलं' म्हणून विचारणार, असं मला वाटलं. पण म्हातारीने काही विचारलंच नाही. सून कशी गेली, नातू कोणत्या वर्गात आहे, पोराला स्वयंपाकातलं काय काय येत नाही, सगळं आपलंच सांगायला लागली. पलीकडे ताई नुसती ऐकत होती.