विंचू गायब, संशय सासूबाईंवर

मंडळी, आज सकाळी हिर्डोशीच्या घरी माझ्या डब्यातला नर विंचू गायब! पिल्लं व्हावीत म्हणून काल त्याला मादीजवळ सोडलं होतं. झाकण तर घट्ट होतं.

माझा पहिला संशय सासूबाईंवर. त्यांना हे विंचू घरात नकोच आहेत.

"आत्या, खरं सांगा, तुमी टाकला न्हाई ना?"

"म्या कशाला हात लावू गं त्याला?"

मला काही पटलं नाही. दुपारपर्यंत मी त्यांच्याशी बोललेच नाही. मग डबा साफ करताना कौलाच्या तुकड्याखाली त्याची नांगी आणि दोन पाय सापडले. मादीनंच त्याला खाल्लं होतं.

मान खाली घालून सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "पर तिच्याजवळ त्याला सोडला कुणी?"

विंचू पाळणाऱ्यांनो, तुम्ही नराला किती वेळात बाहेर काढता?