आत्याबाईचा धुरा

आमच्या आत्याबाईले हरवीन असा मानूस अजून जन्माले आला नाई, असं आत्याबाई सोताच सांगतात, अन् त्या सांगतात म्हनजे थे खरंच असते, काहून की खोटं हाय म्हनाची आमच्या मेडशी गावात कोनाची टाप हाय? माही त नाईच नाई. मी नववीतून उठलेली, चिमनीएवढी हिंमत, मोबाईलचं कोनतंबी बटन दाबताना मले वाटते की आता याच्यातून धूर निघन नाईतर दारात पोलीस येतीन. अन् आत्याबाई, म्हनजे माह्या सासऱ्याची बहीन, आमच्याच घरी राहतात, त्यायले एक अक्षर वाचता येत नाई, पन बटन असं दाबतात जसं ढेकून चिरडून राह्यल्या.

माह्या लहान्या पोट्टीचे, मनीचे, बाबा पुन्याले कंपनीत, घरी मोबाईल माहा एकच, थो आत्याबाईनं जप्त केलेला. त्याच्यात तुकडे जोडून चित्र करायचा गेम हाय, त्याच्यात त्यायचा जीव. नेटवर्क माळवदावर येते म्हनून दिवसभर माळवदावर, डोक्यावर पदर, पदरात मोबाईल, जसं लेकरू पाजून राह्यल्या. चित्र कोनतंबी असो, ताजमहाल असो का वाघ, आदी चारी कडंचे तुकडे लावायचे. "आदी धुरा बांधा, वावर मंग कोनीबी पेरते," असं म्हनतात. धुरा म्हनजे वावराचा बांध, थो चुकला त शेजाऱ्याशी भांडन होते म्हने. वाघाशी कायचं भांडन, थे मी इचारलं नाई. अन् हरल्या त चूक त्यायची नसतेच, मनी शिंकली असते, नाईतर माही सावली पडली असते. एकदा त म्हशीनं वाईट नजरेनं पायलं म्हने.

बाकी रीतीभातीत आत्याबाई म्हनजे साक्षात कायदा. लेक आसेगावले देली, त लेकीच्या गावचं पानी पीत नाईत. भर उनाळ्यात जातात, घरून बाटली नेतात, बाटली सरली का कोरड्या घशानं परत. जावई बिचारा सरबताचा गिलास घेऊन मागं मागं, अन् ह्या म्होरं म्होरं!

अन् मंग वाशीमच्या एका मंडळानं ऑनलाइन स्पर्धा काढली, जिल्ह्यापुरती, जोडीनं खेळायची, समोरच्या जोडीचं गाव पडद्यावर दिसे. पहिलं बक्षीस नवा मोबाईल, दुसरं टोपी. आत्याबाईनं माहं नाव मले न इचारता, शेजारच्या पोट्ट्याकडून लिवून, टाकलं. म्या म्हनलं, "आत्याबाई, मले भेव लागते वो." त म्हने, "तुले पानी पेतानीबी भेव लागते. गप बस, सूचना वाच अन् पोट्टी धर." झालं, मी खेळाडू झाली!

पन खरं सांगू, थो मोबाईल मलेच पाह्यजे होता. मनीनं आमचा मोबाईल बकेटीत टाकला तवापासून त्याचा कॅमेरा आंधळा, गेम चालते, चेहरा दिसत नाई. मनी तवा भित धरून उभी राहाले लागली होती, अन् बाप तिकडून काया पडदा पाहून इचारे, "उभी राह्यली का? कशी राह्यली?" आता उभी राह्यलेली कशी सांगाव? नवा घेतो म्हने दिवाळीले. आत्याबाई म्हने, "तोवर पोट्टी पयाले लागन."

आत्याबाईनं धडाधड जोड्या पाडल्या. रिसोड पाडलं, अनसिंग पाडलं, कारंज्याच्या पोरीले त मोबाईलमंदूनच "जाय, भांडे घास" म्हनल्या, जसं काही तिले आयकू जाते. आखरी डावाच्या दिवशी मनी माह्या कडेवर, आत्याबाईनं धुरा बांधला, वावर पेराले घेतलं, अन् सहज म्हने, "समोर कोन गाव हाय व?"

म्या वाचलं. "आसेगाव."

त्यायचा हात तिथंच थांबला.

"लेकीच्या गावाले हरवू मी? व्याह्याच्या म्होरचं ताट ओढू?"

"आत्याबाई, टाइम चालू हाय वो! थे आपले व्याही नाईत, कोनी पोट्टे असतीन."

"त्या गावचं कुत्रंबी मले पावनं हाय."

मी रडाले आली. मनी कडेवरून घसरली, माळवदाच्या कठड्याची भित धरली, मंग सोडली, अन् दोन पावलं टाकली, पहिल्यांदा, बापाले न दिसता. आत्याबाईनं पायलं. मंग मोबाईल माह्या हातात कोंबला. "लेक म्यां देली, तू नाई. तुले कायचं बंधन? तू लाव. मी इथं नाईच." अन् भितीकडं तोंड करून बसल्या.

दोन निये तुकडे उरलेले, दोनीबी एकाच निया रंगाचे, एक आभायाचा एक पान्याचा. "आत्याबाई, कोनता कुठं?" त्या इथं नव्हत्याच, बोलतीन कश्या? पन मनीले मांडीवर घेऊन मनीलेच सांगाले लागल्या, मोठ्यानं, "पाय व मने, पानी हालते. आभाय हालते का? आभायात लाटा नसतात, बाप्पा." मनी हासली. म्या लाटाचा खाली लावला, दुसरा वर.

नवा मोबाईल आला. मनीच्या बाबानं मनीले चालताना पायलं, त नुसतं नाक ओढत राह्यले, सर्दी झाली म्हने. आत्याबाई दुसऱ्याच दिवशी आसेगावले गेल्या, लाडवाचा डबा घेऊन, लेकीच्या पुऱ्या गल्लीत वाटून आल्या. कोनाले काय झालं थे कयलंच नाई. अन् तवापासून त्यायनं गेमले हात लावला नाई. "धुरा म्यांच मोडला," म्हने, "आता कोनत्या तोंडानं बांधू?"

आता माळवदावर मी एकलीच. परवा एका निया तुकड्याशी अडकली, म्हनजे तसं दाखवलं, मुद्दाम मोठ्यानं म्हनलं, "आता हा कुठं बसते, कोन जाने!" आत्याबाई खाली अंगनात मनीचं बोट धरून तिले चालवून राह्यल्या होत्या. पाठ माह्याकडं. मनीले अजून एक पाऊल टाकाले लावलं. तुकडा कुठं बसते थे मले ठाऊक होतं. तरी टाइम सरेपर्यंत बोट तुकड्यावर तसंच धरून बसली.