कडेला खाचा पडलेले पंख

संप कधी संपला ते आमच्या घरात कुणालाच सांगता येणार नाही. बाबा गिरणीत परत गेलेच नाहीत, एवढंच. करी रोडच्या चाळीत ते नुसते गॅलरीत बसून असायचे. मी तेव्हा परळच्या एका प्रयोगशाळेत फळमाश्यांवर संशोधन करत होते. तिथं माश्यांचं खाणं शिजवायला माणूस हवा होता. मी बाबांचं नाव सुचवलं.

"लेकीच्या हाताखाली?" आई म्हणाली. बाबा सोमवारी माझ्याआधी तयार होऊन बसले.

मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट ढवळून शिजवायचं, बाटल्यांत ओतायचं, कापसाचे बोळे लावायचे. सगळ्यांसमोर ते मला मॅडम म्हणायचे. मला ते ऐकवत नसे, पण म्हणू नका असंही मी कधी सांगितलं नाही.

वाढत्या पंखातल्या पेशी शेजारच्या पेशींना निरोप देतात. तो नीट पोचला नाही तर पंखाच्या कडेला खाचा पडतात. माझं काम त्यावरच होतं. खाचवाल्या माश्या वेगळ्या बाटल्यांत, तुलनेसाठी चांगल्या माश्या वेगळ्या.

एका दुपारी बाबांनी चांगल्यांची बाटली उजेडाकडे धरली. "ह्यातल्या थोड्या माश्यांचे पंख कडेक कुरतडल्यासारखे दिसतत गो."

"बाबा, तुम्ही खाण्याचं बघा," मी म्हटलं. खोलीत आणखी दोघंतिघं होती. बाबांनी बाटली जागेवर ठेवली.

वीस वर्षं मागावर तुटलेला धागा हेरणारे डोळे होते ते. दहा दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली मलाही खाचा दिसल्या. खाचवाल्या माश्या चांगल्यांत मिसळल्या होत्या, बहुधा माझ्याच हातून. आठ महिन्यांचं काम वाया गेलं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "पुन्हा करा." तेही थकलेले दिसले.

त्या बाटल्या बाबांनीच धुतल्या. मी शेजारी उभी होते.

"तुम्ही सांगितलं होतं," मी म्हटलं.

"माजो पयलो कापडाचो तागो खराब निघालो तेवा मी दोन दिवस जेवलंय नाय," ते म्हणाले. "तू जेव."

मी पुन्हा पहिल्यापासून माश्या मोजल्या. प्रबंध पुरा झाला तेव्हा आनंद वगैरे झाला नाही, अंग मात्र दुखत होतं. आभाराचं पान बाबांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला.

"आता सुटी गावतली मां तुका?"

मी नाही म्हटलं. माश्यांना सुटी नव्हती.