बंपरखाली हात

गाडी भाड्याने न्यायला आलेल्या माणसाचं मनगट धरून दादा त्याला खाली बसवायचे. मग तो इस्त्रीच्या शर्टातला असो, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र लटकवलेला असो. उकिडवा बसला की त्याचा तळवा पुढच्या बंपरच्या खाली, जिथे नजर पोचत नाही तिथे टेकवायचे.

"डोल्यांनी नको, हातानी बघा. काय लागतंय?"

"चिखल."

"चिखलाच्या आत?"

माणूस जरा दाबून बघायचा. "चीर आहे वाटतं."

"हां. ही चीर आज तुमची नाय. कागदावर लिवून घेतली नाय, तर परवा तुमची होनार."

स्वतः चालवायच्या गाड्या भाड्याने देणारी अशी आवारं तुम्हीही पाहिली असतील. आमच्याकडचं ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून, तळवलीच्या बाजूला आहे. त्याच्या फाटकाशी माझी टपरी. चहा, पोहे, चपाती-भाजी. मी साताऱ्याकडची. नवरा मार्केटात माथाडी होता, तो गेल्यावर मी ही टपरी टाकली. शाळा चौथीपर्यंत, पण तोंड मात्र पहिल्यापासून भरपूर चालतं. त्या तोंडामुळेच या माणसाची नोकरी गेली, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना माझ्याविषयी उगाच चांगलं मत व्हायला नको.

मी त्यांना दादा म्हणायचे. ते तळवलीतलेच, आगरी, साठीला आलेले. आधी कंपनीची बस चालवायचे. आवारात त्यांचं काम एवढंच, की गाडी ताब्यात द्यायची आणि आली की बघून घ्यायची. मला ते 'बाय' म्हणायचे. त्यांच्यात बहिणीला, लेकीला, सगळ्यांनाच बाय म्हणतात. दुपारी मी त्यांना स्टीलच्या डब्यातून चपाती-भाजी द्यायचे. पैसे रोजचे रोज चुकते, पण डबा कधी रिकामा परत आला नाही. घरून धुऊन आणायचे आणि त्यात काहीतरी असायचंच. मूठभर सुकट, दोन लिंबं, परसातल्या चार मिरच्या. एकदा नुसती साखर होती. "घरात काय नव्हतं बाय, पन डबा रिकामा कसा देनार?"

माणूस प्रेमळ, पण तिरसट. न वाचता सही करणारा दिसला की त्यांचं डोकं फिरायचं.

"कागद काय देवापुढं ठेवाला दिलाय तुमाला? वाचा."

"काका, घाई आहे हो. पोरं गाडीत बसलीयत."

"मंग पोरांना उतरवा. त्यांना बी ऐकू दे बाप कशावर सही करतो."

मी एकदा विचारलं, "दादा, तुम्ही एवढं बारीक का वाचता?" म्हणाले, "चष्म्याचं पैसं वसूल कराला."

काउंटरवर टाय लावलेला एक माणूस बसायचा. त्याचं एकच वाक्य. "फुल कव्हर घ्या सर, टेन्शन नको." माझी लेक आणि जावई गावच्या लग्नाला निघाले होते, तेव्हा त्यांनाही त्याने हेच ऐकवलं. दादा मागेच उभे होते.

"फुल म्हंजे काय काय, ते सांगा की पावन्यांना."

"फुल म्हणजे फुल."

"टायर?"

टायवाल्याने टाय सारखा केला.

"काच? चावी हरवली तर? खालून दगड लागून टाकी फुटली तर?"

"ते नाही येत त्यात."

"मंग अर्धा म्हना."

मला तर काहीच कळलं नव्हतं. चहाच्या वेळी ते माझ्यासमोर बसले, टपरीवरच्या तीन बरण्या ओळीने मांडल्या आणि मला विमा शिकवला. पहिली बरणी खारीची. हा विमा कायद्याचा, दुसऱ्यासाठी. गाडीने कोणाला ठोकलं, तर त्याला भरपाई मिळते, आपल्याला काही नाही. दुसरी बरणी बिस्किटांची. हा गाडीसाठी, पण त्याचे पैसे मालकाला मिळतात, आणि विमा कंपनी जेवढं देत नाही तेवढं मालक आपल्याकडून घेतो. तिसरी बरणी चिवड्याची. काउंटरवर जास्तीचे पैसे घेऊन जे विकतात ते फुल कव्हर.

"ह्यो विमाच नाय, बाय. ह्यो मालकाचा शब्द हाय. नुकसान कितीबी जालं तरी तुमच्याकडून एवढ्याच्या वर घेनार नाय, असा शब्द. आता शब्दाला भोकं किती, ते खालच्या बारीक अक्षरात असतंय. टायर एक भोक. काच दुसरं. पानी साचलेल्या रस्त्यातून नेऊन इंजिन बंद पाडलं, तिसरं."

"मग घ्यायचं की नाही?"

"घ्या की. घाटात जायचंय, नवीन हात हाय, तर घ्याच. पन भोकं मोजून घ्या."

आणि सगळ्यात मोठं भोक त्यांनी शेवटी सांगितलं. कागदावर ज्याचं नाव, त्यानेच चालवायची. दुसऱ्याने चालवली आणि ठोकली, तर मालकाचा शब्दही गेला आणि विमाही वांध्यात. आमच्या जावयाला तर लांबच्या प्रवासात अर्ध्या वाटेत झोप येते, मग त्याचा भाऊ चालवतो. दादांनी काउंटरवर उभं राहून भावाचं लायसन्स दाखवायला लावलं, त्याचं नाव कागदावर घालून घेतलं. टायवाला वैतागला. येताना खंबाटकीच्या पुढे एका टेम्पोने गाडीचा दरवाजा घासला, तेव्हा स्टिअरिंगवर भाऊच होता. नाव होतं म्हणून निभावलं. जावयाने दादांना कंदी पेढे आणून दिले. दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यातून त्यातले दोन परत आले.

आता रागाचं सांगते.

मे महिन्यात सगळ्यांनाच बाहेर पडायचं असतं. आवारातल्या गाड्या पुरेनात. भाड्याने द्यायच्या गाडीची पाटी काळी असते, त्यावर पिवळे आकडे. मालकाने काय केलं, तर ओळखीतल्या लोकांच्या घरच्या गाड्या आणून रांगेत लावल्या. पांढऱ्या पाटीच्या. धुऊन पुसून, आत सुवासिक काहीतरी लटकवून. गिऱ्हाइकाला काय कळतंय. मलाही कळलं नसतं, दादांनी सांगितलं नसतं तर. घरच्या गाडीचा विमा घरच्या वापराचा असतो. ती भाड्याने दिली आणि काही झालं, की विमा कंपनी हात वर करते. मग काउंटरवर फुल कव्हर घ्या नाहीतर अर्धा, सगळं सारखंच. अपघातात कोणी मेलं, तर त्याच्या घरच्यांनाही भरपाईसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढायला लागतात.

दादा मालकाशी भांडले. मालक म्हणाला, "काका, सीझन आहे. तुम्ही चाव्या द्या फक्त."

ते चाव्या द्यायचे. पण गिऱ्हाइकाचा हात बंपरखाली घालून झाला की तोच हात नंबरपाटीवर ठेवायचे आणि हळूच सांगायचे, "पाटीचा रंग बघा. हिचा विमा तुमच्यासाठी नाय. काली पाटी मागा, नायतर दुसरीकडं जा."

ऐरोलीचं एक जोडपं होतं. तान्हं बाळ, बाळाची दुपटी, बाटल्या, सगळं गाडीत भरून झालं होतं. दादांचं ऐकून त्यांनी सगळं उतरवलं. बाई जरा चिडली होती. नवरा मात्र टपरीशी आला, चहा घेतला आणि दादांकडे बघत मला म्हणाला, "मावशी, असं कोणी सांगत नाही हो." माझा ऊर भरून आला. माझ्याच घरच्या माणसाचं कौतुक झाल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक टपरीवर आला. एरवी चहा आत मागवतो, त्या दिवशी बाकड्यावर बसला. "काय मावशी, कसं चाललंय? आमची माणसं त्रास देत नाहीत ना?" गोड बोलणारा माणूस. आणि मी सुटले. तुमचा दादा म्हणजे सोनं आहे, मी म्हणाले. तुमच्या धंद्याचं नाव हा माणूस राखतो. कालच त्या बाळाच्या आईबापांना पांढऱ्या पाटीची गाडी घेऊ दिली नाही बघा, केवढी काळजी लोकांची.

मालकाने कप खाली ठेवला. हसला. "हो का?" म्हणाला. अजून एक चहा घेतला आणि विचारलं, "रोज सांगतात का असं?"

मी म्हणाले, "रोज. एकालाही सोडत नाहीत."

ज्याचा चांगुलपणा लपूनछपून चालला होता, त्याचं कौतुक मी त्याच्या मालकापाशी केलं. दोन चहा पाजून केलं. मला वाटलं, त्यांचा पगार वाढेल.

दुपारी दादा फाटकातून बाहेर आले. हातात चष्म्याची केस आणि पाण्याची बाटली, बस. माझ्यासमोर उभे राहिले.

"बाय, मालकाला त्या ऐरोलीवाल्यांचं कोनी सांगितलं काय म्हाईत. तुमी काय बोलल्या काय?"

आयुष्यभर मी बडबडत आले. शेजारणीशी, गिऱ्हाइकाशी, देवाशी, गेलेल्या नवऱ्याच्या फोटोशी. त्या एका वेळी मात्र मी कढईतले पोहे हलवत राहिले. पोहे झाले होते, गॅस बंद होता, तरी हलवत राहिले.

त्यांनी चष्म्याची केस खिशात घातली. मग म्हणाले, "बरं," आणि तळवलीच्या रस्त्याला लागले. त्या दिवशीचा डबा त्यांनी नेला नाही. बाकड्यावर तसाच भरलेला राहिला.

दोन दिवसांनी मालक पुन्हा आला. "मावशी, एक कटिंग."

"दूध संपलं."

पातेल्यात दूध वर येत होतं, आम्ही दोघंही ते बघत होतो. मी त्याच्या डोळ्यांत बघून पुन्हा सांगितलं, दूध संपलं. तो म्हणाला, टपरी कोणाच्या भिंतीला टेकून आहे ते विसरू नका. मी म्हणाले, भिंत पालिकेच्या फुटपाथवर आहे, तुम्ही पण विसरू नका. आता तो माझ्याकडे येत नाही. गेला तर गेला.

दादांच्या जागी आता मोबाइल आहे. टायवाला गाडीभोवती एक चक्कर मारून व्हिडिओ काढतो, गिऱ्हाइकाला एका जागी बोट दाबायला सांगतो, झाली सही. व्हिडिओत बंपरची खालची बाजू कधीच येत नाही. म्हणून मी जाते. चपातीचं पीठ लागलेल्या हाताने जाते. "साहेब, जरा खाली बसा. हात घाला इथे. आणि पाटीचा रंग बघा." लोक मला वेडी समजतात. काही ऐकतात, काही हसून निघून जातात, एक जण पाच रुपये द्यायला लागला. टायवाला मला हाकलतो. मी परत जाते. मला त्या गाड्यांचा राग येतो, त्या लटकवलेल्या वासाचा येतो, 'टेन्शन नको' या शब्दांचा येतो. ज्या जगात खरं बोलणाऱ्याला घरी बसवतात, त्या जगाचाही येतो. पण हे सगळे राग जरा सोपे आहेत. ते चिमटीत धरता येतात. माझा स्वतःवरचा राग तसा धरता येत नाही.

तळवली टपरीपासून पायी दहा मिनिटं. मी अजून गेलेली नाही. एकदा हिंमत करून डबा भरला. त्यांना आवडते तशी वांग्याची भाजी, वर दोन चपात्या. त्यांच्या आळीतली एक बाई रोज माझ्याकडे चहाला थांबते, तिच्या हाती दिला. सांगितलं, नुसता डबा देऊ नको, मीच मालकाला बोलले होते म्हणून सांग. वाईट हेतूने नाही बोलले, पण बोलले मीच.

तिसऱ्या दिवशी तिने डबा आणून दिला. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"तुमी सांगितलं तसं सगलं सांगितलं. ऐकलं, मंग जेवले. डबा स्वतःच धुतला."

मी झाकण उघडलं. लखलखीत घासलेला डबा. रिकामा. साखरेचा एक दाणासुद्धा नव्हता. मी बोट फिरवून बघितलं, डोळ्यांनी नाही, हाताने. कडेपासून तळापर्यंत.