साठ फुटी रस्त्यावरचं घर

नसलेल्या रस्त्यावर चपला झिजवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि ते निघाले माझे दाजी. थोरल्या बहिणीचे यजमान असल्यामुळे त्यांना नावं ठेवायची मला सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर फारशी इच्छाही नव्हती. मी बसवर कंडक्टर. जालना ते धावडा आणि धावडा ते जालना, यातच माझा जन्म चाललेला. रस्ता म्हणजे माझ्या लेखी कंबरदुखी, खिडकीतून ओकणारी पोरं आणि नाल्याला पाणी आलं की पलीकडेच काढावी लागणारी रात्र. दाजींचा मात्र रस्ता हा शब्द उच्चारतानाच आवाज हळवा व्हायचा. गावाचा नवा आराखडा करणाऱ्या कचेरीत ते नकाशे काढायचे. जालना तेव्हा जिल्ह्याचं ठिकाण झालेलं नव्हतं, पण अंगात आल्यासारखं वाढत होतं. बहात्तरच्या दुष्काळात खेड्यांतून आलेली माणसं परत गेली नव्हती, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, गाड्यांची रीघ लागायची, आणि मस्तगडाकडच्या एखाद्या गल्लीत समोरासमोर दोन बैलगाड्या आल्या की कुणी माघार घ्यायची यावरून दोन्ही घराण्यांचा उद्धार व्हायचा. या सगळ्यावर दाजींकडे एकच उत्तर होतं आणि ते सदैव गुंडाळी करून त्यांच्या काखेत असायचं.

त्या गुंडाळीतल्या नकाशात गावात आधीपासून असलेले रस्ते काळ्या शाईत होते आणि व्हायचे रस्ते तांबड्या शाईत. दाजींचा पगार काळ्या रस्त्यांवरच्या कचेरीतून यायचा, पण जीव सगळा तांबड्या रस्त्यांवर. संध्याकाळी कचेरी सुटली की ते गावाबाहेर, जिथं घरं संपतात तिथं येऊन उभे राहायचे, सदरा नीट करायचे आणि रानात उतरायचे, कारण तिथून त्यांचा साठ फुटी रस्ता सुरू व्हायचा. चालायचेही डाव्या बाजूनं. एकदा मी सोबत होतो. ज्वारी काढून नेलेलं मोकळं रान, चहूकडे चिटपाखरू नाही, आणि दाजींनी एकदम माझं मनगट धरलं. म्हणाले, "थांब जरा. चौक आहे इथं." त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि मग आम्ही चौक ओलांडला. उन्हं उतरली होती, धुळीला पिवळा रंग चढला होता, आणि दाजी हलक्या आवाजात सांगत होते की इथं दोन्ही अंगांना कडुलिंब, मधोमध दिवे, भोकरदनची गाडी इथून वळणार, आणि बाळंतपणाला निघालेली बाई मोंढ्याच्या गर्दीत अडकून न पडता थेट दवाखान्यात पोचणार. ऐकता ऐकता मलाही त्या दिव्यांखालून माणसं हिंडताना दिसायला लागली. कुणाच्या तरी सायकलची घंटी ऐकू आल्यासारखी वाटली. मग चपलेतून एक धसकट आरपार तळव्यात गेलं आणि मी परत रानात आलो.

जेवतानासुद्धा त्यांची सुटका नसे. ताटात भाकरी पडली की ती गावठाण. भोवती चटणीचं कडं फिरवायचे, तो वळणरस्ता. वरणाला भाकरीत शिरू द्यायचे नाहीत, कारण जड वाहतूक बाहेरूनच गेली पाहिजे. आक्का म्हणजे माझी बहीण समोर बसून हे पाहत असायची. "गाव गार व्हायलंय, खाऊन घ्या," एवढंच म्हणायची. आणि दाजी एका घासात अर्धा मोंढा उचलायचे.

पाहुण्यांना पत्तासुद्धा ते तांबड्या नकाशातलाच सांगत. आमचे वडील पहिल्यांदा लेकीकडे यायला निघाले तेव्हा जावईबापूंनी निरोप धाडला होता की स्टँडवरून साठ फुटी रस्त्याला लागा आणि दुसरा चौक ओलांडला की उजव्या हाताला आमचं दार. वडिलांनी डोक्यावर ज्वारीचं गाठोडं घेऊन अख्ख्या जालन्याला साठ फुटी रस्ता विचारला. एकानं नदीकडे धाडलं, एकानं रेल्वे स्टेशनकडे, आणि एका सज्जनानं त्यांना बसवून पाणी पाजलं आणि घरी कुणी आजारी आहे का असं हळूच विचारलं. दिवस मावळताना ते कसेबसे पोचले. गाठोडं खाली ठेवून म्हणाले, "जावईबापू, तुमच्या साठ फुटीवर मला एक गाढव भेटलं. ते बी बिचारं वाट चुकल्यालंच होतं." दाजींना राग आला नाही. त्यांनी गाढव नेमकं कुठं भेटलं ते विचारून घेतलं आणि समाधानानं मान हलवली. बराबर रस्त्यावरच होतं म्हणे.

पण खरा कडेलोट केला तो घरानं. गावाबाहेर स्वस्तात जागा मिळाली म्हणून दाजींनी दोन खोल्या बांधल्या. गावाकडून येणारी खरीखुरी गल्ली त्या जागेच्या मागून जात होती. कुणीही शहाण्या माणसानं तिकडे तोंड करून घर बांधलं असतं. दाजींनी दार बांधलं रानाकडे. दाराला सागवानी चौकट, पुढं दगडी पायऱ्या, बसायला ऐसपैस ओटा, आणि त्यापुढं थेट कुणाचं तरी ज्वारीचं पीक. कारण तांबडी रेघ तिथून जाणार होती. ती येईपर्यंत सगळा व्यवहार मागच्या दारानं चालायचा, म्हणजे न्हाणीवरून, चुलीच्या धुरातून आणि वाळत घातलेल्या कपड्यांखालून. घरी येणारा माणूस आधी दाजींची ओली लुंगी पाहायचा आणि मग दाजींना.

लोक हसायचे, मीही हसायचो. आक्का हसायची नाही. तिला माणसं लागायची. धावड्याला आमचं घर भर रस्त्यावर होतं, आणि आक्का लहानपणापासून उंबऱ्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करत वाढलेली. लग्न होऊन ती या कडेच्या घरात आली. दाजी सकाळी जायचे ते दिवेलागणीला उगवायचे. दुपारभर ती त्या ओट्यावर तूर निवडत बसायची आणि समोर नुसता वारा. दाजींनी तिला शब्द दिला होता की एक दिवस या दारावरून सगळं गाव जाईल, तुला बोलून बोलून कंटाळा येईल. त्या शब्दावर तिनं ते उलटं घर सांभाळलं होतं. मी गेलो की ती पहिल्यांदा हेच विचारायची, की तू रोज बसमधनं हिंडतोस, कुठं खडी पडली का, काही दिसतंय का. मला वाईट वाटायचं. काही दिसत नव्हतं.

शेवटी आराखडा तयार झाला. नकाशा भिंतीवर लागला आणि लोकांनी आपल्या हरकती कळवाव्यात अशी दवंडी फिरली. एकही हरकत आली नाही. दुसऱ्या कुणी सुटकेचा निःश्वास टाकला असता, पण दाजी कष्टी झाले. आपण एवढं गाव मांडलं आणि कुणाला त्यात खोट काढावीशीसुद्धा वाटू नये, हे त्यांच्या जिवाला लागलं. मग ते स्वतःच हरकती गोळा करायला निघाले. न्हाव्याकडे, चहाच्या हॉटेलात, गिरणीच्या फाटकावर ते नकाशा पसरायचे आणि विनवायचे की बघा, नीट बघा, काहीतरी चूक असंल. आमच्याकडे सरकारी कागदाला नाही म्हणणं म्हणजे आ बैल मला मार. लोक हात जोडायचे. एका दुकानदाराचं अर्धं दुकान रस्त्यात जात होतं. दाजींनी त्याला ते बोट ठेवून दाखवलं, तर तो म्हणाला, "तुम्ही एवढ्या उन्हात आलात साहेब, आता मी तुम्हाला कशाला नाराज करू?" आणि वर चहा पाजला.

गावात हरकत मिळेना म्हणून दाजी तांबड्या रेघेवरून चालत पुढं निघाले. घरापर्यंतची रेघ त्यांच्या पायाखालची होती. घरापुढं नाला, आणि नाल्यापलीकडे ते कधी गेलेच नव्हते. आपलं दार आलं की त्यांचा रस्ता संपायचा. पुढची रेघ त्यांनी जुना नकाशा खाली ठेवून पट्टीनं ओढली होती, आणि निजामाच्या काळातल्या त्या नकाशात नाल्यापलीकडे नुसतं पडीक होतं. दाजी सवयीप्रमाणे रस्त्याच्या डाव्या बाजूनं, अर्धे डोळे मिटून, मनातल्या कडुलिंबांच्या सावलीतून चालत राहिले, आणि एका उंबऱ्याला ठेच लागून थेट एका घरात शिरले. समोर चूल पेटलेली, आणि एक म्हातारी भाकरी थापत होती. परकं माणूस घरात घुसलेलं पाहून ती बिचकली नाही. तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "या, बसा. वाट चुकलात का?"

दाजींनी त्या चुलीकडे पाहिलं. मागच्या दारातून घरांची सबंध ओळ दिसत होती, ओळीच्या टोकाला छोटंसं विहार, त्यावर पंचशीलाचा झेंडा. ते म्हणाले, "न्हाई आजी. रस्ताच चुकलाय."

ती म्हातारी तिथल्या एका गुरुजींची आई. गावकुसाबाहेरचं जिणं मागं टाकून ही बौद्ध मंडळी इथं आली होती आणि नाल्याची माती काढून त्यांनी आपल्या हातानं भिंती रचल्या होत्या. दाजींनी गुरुजींसमोर नकाशा उलगडला आणि हरकत घ्या म्हणून त्यांच्या मागेच लागले. गुरुजींनी त्या रेघेवरून बोट फिरवत आपलं घर शोधलं. मग म्हणाले, "आखली तुम्ही, आन् हरकत घ्या बी तुम्हीच म्हणून राह्यलात. असा माणूस आम्ही पाह्यला न्हाई." दुसऱ्या दिवशी वस्तीतले सगळे मिळून कचेरीत गेले.

सुनावणी झाली. साहेबांना हरकत पटली, आणि त्यांनी दाजींपुढं दोन तोडी ठेवल्या. एक म्हणजे नाला ओलांडल्यावर रेघ थोडी वाकवायची. तसं केलं तर ओळीतली निम्मीच घरं जाणार होती आणि रस्ता दाजींच्या दारावरून येणार होता. दुसरी म्हणजे रेघ अलीकडूनच, गिरणीच्या मागून वळवायची. मग एकही घर जाणार नव्हतं, आणि दाजींच्या दाराशी रस्ताही येणार नव्हता. तुम्हाला बरी वाटेल ती काढा, दोन्ही चालतील, असं म्हणून साहेब मोकळे झाले.

त्या आठवड्यात मी घरी गेलो तेव्हा दाजी भाकरी नुसतीच खात होते. ताटात चटणीचं कडं नव्हतं. आक्कानं मला मागच्या दारी नेऊन सगळं सांगितलं. मी म्हटलं, तू बोलून बघ, तुझं ऐकतील. ती धुण्याचा पिळा हातात धरून उभी राहिली. म्हणाली, "त्या म्हातारीची चूल ह्यांनी बघितली रे. आता मी काय बोलू?" आणि तोंड फिरवून कपडे वाळत घालायला लागली. ती रडत होती.

दाजींनी रेघ गिरणीमागून वळवली. घरी येऊन तसं सांगितलं. आक्कानं एवढंच विचारलं, "मंग आता हे दार?"  दाजी ओट्यावर जाऊन बसले आणि अंधार पडेपर्यंत समोरच्या रानाकडे बघत राहिले. त्यानंतर ते दार बंदच राहिलं.

पुढं हरभरा घाट्यांवर आला तेव्हाची गोष्ट. मी रजेवर तिथंच होतो, आणि रविवार म्हणून दाजीही घरी होते. दुपारी कुठंतरी थाप ऐकू आली. आक्का उठून मागच्या दारी गेली. तिथं कुणी नव्हतं. थाप पुन्हा आली. आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत राहिलो, कारण त्या दारावर तोवर कुणी कधी थाप मारलेलीच नव्हती आणि तिचा आवाज कसा असतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. कडी गंजून धरली होती. दाजींनी बत्त्यानं ठोकून काढली. दार उघडलं तर पायरीवर ती म्हातारी, पदरात हरभऱ्याचे डहाळे, आणि मागं गुरुजी.

"गल्लीकून लई वळसा पडतो बाई," म्हातारी आक्काला म्हणाली. "मंग आलो रानातून. हे दार समोरच दिसलं."

आक्कानं तिचा हात धरून तिला ओट्यावर बसवलं ते दिवस मावळेपर्यंत उठू दिलं नाही. पुढं वस्तीतल्या बाया दळणाला जाताना तिकडूनच जायला लागल्या, शाळेची पोरं यायला लागली, आणि रानातून आक्काच्या पायऱ्यांपर्यंत एक पायवाट पडली. रानाचा मालक दरवर्षी ती नांगरून टाकायचा आणि पीक निघालं की ती परत पडायची. दाजींनी ती कुठल्याही नकाशात घेतली नाही. मी एकदा म्हटलं, तांबडी रेघ तर मारा. तर म्हणाले, "व्हायच्या रस्त्याला तांबडी मारतात. हा झालाय."

त्या दशकाच्या अखेरीस गिरणीमागचा रस्ता खरोखरच झाला, आणि माझी धावड्याची गाडी त्यावरून जायला लागली. वळणावर गाडी मंदावते. तिथून रान ओलांडून लांबवर एक उघडं दार दिसतं. ओट्यावर आक्का आणि कुणी ना कुणी बाया असतात, आणि बाजूला दाजी डोळ्यांवर हात धरून उभे असतात, आपल्या रस्त्यावरून गाडी कशी वळते ते बघत. मग ते हात वर करतात, गाडी थांबवायला करावा तसा. तिथं थांबा नाही. तरी माझा हात दोरीकडे जातो आणि मी एकदा घंटी देतो. गाडी थांबते. ड्रायव्हर मागं वळून विचारतो, कोण उतरायलंय? मी म्हणतो, कुणी न्हाई. थोडा वेळ त्या दाराकडे बघतो, आणि दोनदा घंटी देतो.