गच्चीवरचे शुभेच्छुक

आमच्या नानामामांच्या न्हाणीघरात शिरलं की समोर सूचना दिसायची : 'गाडी चालू असताना खाली उतरू नये.' तिच्याखाली दुसरी : 'हात अथवा डोके खिडकीबाहेर काढू नये.' न्हाणीघराची खिडकी भंगारात निघालेल्या एका बसची होती. खटका दाबायचा, काच सरकवायची, सगळं अगदी बसमधल्यासारखं. फक्त कंडक्टर नव्हता. नवा पाहुणा अंघोळ करून बाहेर आला की नाना अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारत, "काय पाहुणे, गाडी थांबल्यावरच उतरलात ना?" पाहुणा ओल्या केसांनी आधी नानांकडे, मग मामीकडे बघायचा. मामी कपाळावर हात मारून आत चहा टाकायला जायची.

नाना म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. मूळचे शिंदखेड्याकडचे. तरुणपणी जळगावला पाइपच्या कारखान्यात लागले आणि जळगावचेच झाले. गल्लीत त्यांचं नाव होतं 'ऱ्हाऊदे नाना'. कारण कोणीही, काहीही टाकायला निघालं की नाना कुठून तरी प्रकट व्हायचे आणि म्हणायचे, "ऱ्हाऊ दे, कामले येई." फुटकी बादली? ऱ्हाऊ दे. सायकलची साखळी? ऱ्हाऊ दे. एकदा शेजारच्या वकीलबाई नवऱ्यावर चिडून ओरडल्या, "या माणसाला मी एक दिवस घराबाहेर काढणार आहे!" कुंपणाच्या पलीकडून आवाज आला, "वहिनी, ऱ्हाऊ द्या, कामाला येईल." वकीलबाई हसल्या, आणि वकीलसाहेब वाचले. ते आजही त्याच घरात आहेत.

नानांच्या दाराला घंटी नव्हती, रिक्षाचा जुना रबरी भोंगा होता. तो दाबला की गल्लीतली सगळी कुत्री उठून बसायची. आत पादत्राणांची मांडणी पाइपच्या तुकड्यांची, एका पाइपात एक चप्पल, जशी काही कबुतरं घरट्यात बसली आहेत. तुळस वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये. आणि कूलर! तो त्यांनी डाळ मिलमधून टाकून दिलेल्या पंख्याचा केला होता. जळगावच्या मे महिन्यात तो प्रथम चालू झाला तेव्हा समोर बसलेल्या मामीच्या काकांची टोपी उडून थेट देवघरात गेली आणि बशीतले पोहे काकांच्या मिशांत. नाना म्हणाले, "गार लागतंय की नाही, तेवढं सांगा."

मामी म्हणायची, "नशीब माझं, लग्न ठरायच्या आधी हे भंगार बाजारात जात नव्हते. नाहीतर बायकोही तिथूनच उचलली असती."

"उचलली असती," नाना शांतपणे म्हणायचे, "तर तेल घालून आवाज कमी करता आला असता."

पण नानांची खरी श्रीमंती गच्चीवर होती. ती म्हणजे फ्लेक्स. आपल्याकडे वर्षातले किती दिवस कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. चौकात फ्लेक्स लागतो, साहेब हात जोडून उभे राहतात, आणि आठवड्याने ते वाकून, सुरकुतून, विजेच्या तारेला लोंबकळू लागतात. तिथे नानांची स्कूटर पोचायची. कार्यकर्त्याला रीतसर विचारून, गुंडाळी करून, दोरीने बांधून ते साहेबांना घरी आणत. पाण्याच्या टाकीवर एक भावी आमदार, स्कूटरवर एक माजी नगरसेवक, सरपणावर नवरात्र मंडळाचं अख्खं मंडळ. नियम एकच : तोंड वर, पाठ खाली. "पाच वर्षं आपण त्यांच्यासाठी उन्हात उभे राहतो," नाना म्हणत, "आता थोडं त्यांनी राहावं." उन्हाळ्यात मामी फ्लेक्सवर पातळ धोतर अंथरून ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घालायची. धोतरातून खालच्या साहेबांच्या मिशा दिसायच्या. मिशांवरची बिबडी आधी वाळते, असा नानांचा दावा होता.

आता एवढ्या आनंदी माणसाच्या पोटात एक काटा होता, हे बाहेरच्या कोणाला खरं वाटलं नसतं. तो काटा म्हणजे भाऊ.

भाऊ हे नानांचे थोरले भाऊ. गावाकडची शेती तेच बघत. मोठा आवाज, पांढरं धोतर, गावात वजन. बाप लवकर गेला, तेव्हा नानांना खांद्यावर बसवून शाळेत नेणारे भाऊच. दोघं एकमेकांशी अहिराणीतच बोलत, आणि भांडण तर त्यांना दुसऱ्या भाषेत जमतच नसे. पण मी सांगतोय त्या काळात भांडणही बंद होतं. बोलणंच नव्हतं.

झालं होतं असं. भाऊंनी ट्रॅक्टर घेतल्यावर बापाची बैलगाडी गोठ्यामागे पडून होती. पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा नानांनी त्या गाडीच्या सागवानी फळ्या जळगावला आणल्या, घासल्या, रंधल्या, तेल पाजलं आणि पुतणीला आंदण म्हणून एक झोका केला. मी पाहिलाय तो. फळीवरून हात फिरवला तर हात परत उचलावासा वाटू नये, असा. लग्नात तो फ्रिज आणि कपाटाच्या शेजारी मांडला. जळगावचे व्याही चालत चालत आले, थबकले, म्हणाले, "हे काय?" भाऊ ओशाळले. भरल्या मांडवात मोठ्याने म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या हो, भंगार शे. आमचा नान्या गोळा करत असतो." मांडव हसला.

नानांना सगळं गाव भंगारवाला म्हणायचं आणि नाना सगळ्यांत आधी हसायचे. त्या दिवशी ते हसले नाहीत. जेवलेही नाहीत. मामीला घेऊन सरळ बस पकडली. त्यानंतर घरात भाऊंचं नाव निघालं की नाना पान्हा शोधायला उठत. पान्हा बहुधा त्यांच्या हातातच असे.

अशी काही वर्षं गेली. भाऊंची पंच्याहत्तरी आली. मुलांनी गावाच्या फाट्यावर हा एवढा फ्लेक्स लावला : फेटा बांधलेले भाऊ, मागे ट्रॅक्टर, वर दोन गरुड. खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. सरपंच, खताचा दुकानदार, मुलं, जावई, सरपंचांचा नुकता रांगायला लागलेला नातूसुद्धा. नाना नव्हते. त्यांना आमंत्रणही नव्हतं. मी जाऊन आलो आणि गप्प बसलो. नानांनीही विचारलं नाही.

पुढे एक दिवस नाना डाळ मिलच्या रस्त्याने येत होते, तर समोरून एका पिकअपवर आडवे पडून भाऊ आले! गावच्याच गाडीवाल्याने फाट्यावरून उतरवलेला फ्लेक्स हरभऱ्याच्या पोत्यांवर झाकला होता. नानांनी स्कूटर आडवी घातली.

"हाऊ फ्लेक्स माले दे."

"मग मी माल कशाने झाकू नाना?"

आणि इथे, वाचकहो, ज्या माणसाने जन्मात कधी नवी वस्तू देऊन जुनी घेतली नव्हती, त्या माणसाने डिकीतून कोरी करकरीत ताडपत्री काढून दिली. मामीने ती त्याच सकाळी आणायला सांगितली होती.

गाडीवाला गावात गेला आणि त्याने जे करायचं ते केलं. दोन दिवसांत फाट्यापर्यंत बातमी : नानांनी भाऊंना गच्चीवर टाकलंय. तिसऱ्या तोंडापर्यंत भाऊंवर बिबड्या वाळत होत्या. पाचव्या तोंडात कबुतरं आली.

रविवार होता. मी नानांकडे भरीत खायला गेलो होतो. भर दुपारी दारातला भोंगा असा काही वाजला की कुत्र्यांनीही उठायचं धाडस केलं नाही. दारात भाऊ. घामाने थबथबलेले, हातात काठी, शिंदखेड्याहून एकटे बसने आलेले. मामीने पदर सावरून पाया पडेपर्यंत ते जिन्याच्या चौथ्या पायरीवर होते. मी मागे धावलो. म्हटलं, आज दोघांपैकी एक तरी गच्चीवरून खाली येणार, आणि जिन्याने नाही.

"नान्या! कथा शे मना फोटो? तुले लाज शे का नही?"

वर उन्हाचा भडका. टाकीवरचे भावी आमदार, सरपणावरचं मंडळ, सगळे आभाळाकडे बघून हात जोडून पडलेले. भाऊ काठीने एकेक फ्लेक्स उचलून स्वतःला शोधत होते. कोपऱ्यात नानांनी पाइपांचा छोटा मांडव घातला होता, त्याखालून त्यांचा आवाज आला. "भाऊ, ऊन लागी. आत ये."

भाऊ वाकून मांडवात शिरले. नाना पाइपांच्या खाटेवर उताणे पडलेले. भाऊंनी त्यांच्या नजरेच्या रोखाने वर पाहिलं. छताला भाऊ होते. फेटा, गरुड, ट्रॅक्टर, सगळं खाटेकडे तोंड करून. गच्चीवरचा हा एकच फ्लेक्स उलटा, तोंड खाली.

"मनं तोंड खाले कसाले करं?"

"वर ठेवता तर रंग उडता," नाना म्हणाले.

भाऊंचा राग थोडा अडखळला. पण इतक्या लांबून आणलेला राग असा कसा संपणार? ते काठीने खालची रांग दाखवत एकेकाचं नाव घेऊ लागले, कोणी कोणी त्यांना मानलं याची भावाला जाणीव करून द्यायला. "हाऊ सरपंच. हाऊ दुकानदार. हाऊ..." काठी थांबली. दुकानदार आणि धाकटा मुलगा यांच्यामध्ये एक चौकोनी फोटो होता, टिकलीएवढा. काळा-पांढरा. नानांच्या कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, कोपऱ्यात अर्धा शिक्का असलेला. पाइप जोडायच्या सोल्यूशनने चिकटवलेला.

खाली मामीने फोडणी दिली, तिचा आवाज वरपर्यंत आला.

"तुना फोटो वाकडा शे," भाऊ म्हणाले.

"उताणं झोपीसन लावा. वाकडाच लागी."

"आन शुभेच्छुकमा कसाले घुसना?" भाऊंचा आवाज पुन्हा चढला, पण आता त्याला बूड राहिलं नव्हतं. "शुभेच्छुक म्हंजे बाहेरना लोके. तू काय बाहेरना शेस?"

"ते तुना पोरेसले इचार."

भाऊ खाली बसायला जागा शोधू लागले. नाना सरकले. खाट करकरली, दोघांना धरून राहिली. भाऊंनी तिच्या पाइपांवरून हात फिरवला, सांधे चाचपले, एकदा बूड आपटून पाहिलं. मग छताकडे बघत म्हणाले, "अशी एक माले करी दे."

"भंगारनी शे. चालस का?"

"चालस," भाऊ म्हणाले. आणि खांद्यावरच्या उपरण्याने बराच वेळ घाम पुसत राहिले. घाम फक्त डोळ्यांनाच आलेला दिसत होता.

त्या दिवशी दोघांनी भरिताचं पातेलं रिकामं केलं. मला कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा मिळाला. महिन्याभरात खाट टेम्पोने गावी गेली, सोबत नाना बसून.

मागच्या वर्षी नाना गेले. झोपेतच. गल्लीने ठरवलं, चौकात मोठा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा. फ्लेक्सवाला मजकूर दाखवायला घरी आला तेव्हा भाऊ ओट्यावर बसून होते. मजकुराकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्याच्या हातातला नमुन्याचा तुकडा घेतला, दोन बोटांत चोळला, दोन्ही हातांनी ताणला.

"यापेक्षा जाड नाही का?"

"आबा, तेरा दिवसांनी उतरवायचाच असतो. याला हेच वापरतात."

"जाड वापर. आणि रिंगा चारही बाजूंनी ठोक, हात-हात अंतरावर. वाऱ्याने फाटायला नको."

फ्लेक्सवाला माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, ते सांगतात तसं कर.

या मे महिन्यात मी गावी गेलो होतो. भाऊ घराच्या गच्चीवर पाइपांच्या खाटेवर पडलेले. वर, नानांच्यासारख्याच मांडवाच्या छताला, दहा-बारा फुटांचे नाना, सगळे दात दाखवत हसणारे. मी खाटेच्या कडेला टेकलो. भाऊ छताकडे बोट करून म्हणाले, "पाह्य त्याले. जिता व्हता तव्हय दोन घटका एक जागे बसना नही."

मग कूस बदलून म्हणाले, "तू जराखा तिकडे सरक. त्यानी सावली मनी शे."